सातपुडा-सातमाळ्यात हिवाळ्यात गाडीतून प्राणी-पक्षी पाहायचे तर: तयारीपासून परतीपर्यंत

डिसेंबर लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गाड्या रविवारी डोंगराकडे वळतात. संध्याकाळी परतणाऱ्यांचं म्हणणं बहुधा एकच असतं, "जंगलात काही उरलं नाही हो, चार माकडं दिसली." नऊ वाजता शहादा सोडायचं, साठच्या वेगाने घाट चढायचा, तोरणमाळच्या तलावाशी गाडी लावायची आणि तिथे पोहोचल्यावर दुर्बीण पिशवीतून काढायची, असं केलं तर माकडंच दिसणार. पाहण्यासारखं होतं ते सगळं खाली, येतानाच्या रस्त्यावर आणि दोन तास आधी होतं.

या फेरीचं वेळापत्रक थांब्यांवर बांधायचं असतं. किती किलोमीटर झाले याला इथे काडीची किंमत नाही.

## १. आधी डोंगर ठरवा, त्यावरून निघायची वेळ

खान्देशाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापी-गिरणेचा सपाट मुलूख. आपण मधून निघतो. त्यामुळे सातपुड्याकडे गेलं की त्याची दक्षिणेकडची उतरण समोर येते, आणि चाळीसगावकडून सातमाळ्याकडे गेलं की उत्तरेकडची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून सातपुड्याच्या समोरच्या उतारावर उगवतीलाच ऊन पडतं, तर सातमाळ्याची आपल्याकडची बाजू उशिरापर्यंत स्वतःच्याच सावलीत गारठलेली राहते.

थंडीत प्राणी आणि पक्षी उन्हामागे जातात. वानरं शेंड्यावर येऊन छाती उन्हाकडे करून बसतात, मोर उघड्या खडकावर येतात, सरडे आणि सापसुरळ्या दगडांवर येतात आणि त्यांच्या मागे शिकारी पक्षी. तेव्हा हिशेब सरळ आहे:

- सातपुडा (शहादा–तोरणमाळ, सावदा किंवा रावेरकडून यावल अभयारण्यातलं पाल गाव): सूर्योदयाला पायथ्याशी हजर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे पावणेसातला गाडी जंगलाच्या कडेला उभी हवी. उत्तरेकडे चढताना ऊन पाठीशी असतं आणि समोरचा उतार उजळलेला मिळतो.
- सातमाळा (चाळीसगावहून पाटणादेवी, गौताळा अभयारण्याची बाजू): पहाटेची घाई नको. सकाळी शेतांच्या कडा पाहत सावकाश जा, दरीतला मुक्काम दहानंतर धरा. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डाव्या अंगाने डोळ्यांवर येतं, तेही एक कारण.

कन्नडचा औट्रम घाट मात्र या कामाला घेऊ नका. तो राष्ट्रीय महामार्ग आहे. तिथे वळणावर गाडी लावून दुर्बीण लावणारा माणूस स्वतःला आणि मागच्याला, दोघांनाही गोत्यात आणतो.

मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या बाजूला वाघ असल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणून पहाटे केळीच्या बागांतल्या शिवाररस्त्यांवर गाड्या घालणारेही आता दिसतात. कृपा करून हे करू नका. ती माणसांची शेतं आहेत, पाणी द्यायला रात्री-अपरात्री तिथे लोक असतात, आणि बिथरलेल्या वाघाचा त्रास तुम्हाला नव्हे, त्यांना होतो.

## २. आदल्या दिवशीची कामं

परवानगी. यावल आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत. आत शिरायचं तर वनविभागाची परवानगी, शुल्क आणि प्रवेशाच्या वेळा पाळाव्या लागतात. त्या बदलत असतात, म्हणून संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात आदल्या दिवशी फोन करून विचारा. कुठला रस्ता चालू आहे हेही तिथेच कळतं. पालला वनविभागाचं विश्रामगृह आहे. राहायचं असेल तर तेही आधी विचारून ठेवा.

वार. ज्या गावावरून जायचं तिथला आठवडे बाजार कोणत्या दिवशी असतो ते पाहा. बाजाराच्या दिवशी पाड्यापाड्यांवरून जीपा आणि मोटारसायकली उतरतात आणि रस्ता पहाटेपासूनच गजबजतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांच्या दिवसांत तर डोंगर माणसांचाच असतो. तेव्हा बाजार पाहायला जा, मजा येईल. प्राणी पाहायला दुसरा दिवस घ्या.

मुक्काम. तोरणमाळला वर राहून सकाळी फिरू, असं पुष्कळ जण ठरवतात. राहायला छान आहे, पण मग सकाळचा पहिला तास वरच्या पठारावर जातो आणि पायथ्याचा उतार उन्हात असताना तुम्ही तिथे नसता. शहाद्यात राहून पहाटे चढणं जास्त फळतं.

कपडे. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. शहाद्यापेक्षा पाच-सहा अंश कमी धरून चाला, त्यात काचा उघड्या ठेवायच्या आहेत. कानटोपी, मफलर आणि दुर्बीण धरता येईल असे पातळ हातमोजे घ्या. पांढरा आणि भडक रंग नको. खाकी, राखाडी, मातकट चालतो. अत्तर आणि बॉडी स्प्रे घरी ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, उग्र वासाने आणि धुराने ती उठतात.

साहित्य. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते. यापेक्षा जास्त ताकदीची हातात थरथरते, आणि चालू इंजिनाच्या गाडीत तर काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यासाठी जुन्या पॅन्टच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात मका भरा. खिडकीच्या काठावर ठेवली की महागड्या स्टँडची गरज उरत नाही. वहीपेन, ऑफलाइन नकाशा, पाणी आणि वास न येणारा फराळ. कळण्याची भाकरी आणि भरीत हिवाळ्यात कुणाला नको असतं, पण गाडीत डबा उघडला की पहिलं वानर दोन मिनिटांत बॉनेटवर. भरीत पार्टी करायची तर परत आल्यावर कुणाच्या तरी शेतात करा.

> तपासा: फोनच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद केली का? फ्लॅश बंद केला का? शटरचा आवाज बंद झाला का? वर गेल्यावर हे कुणाला आठवत नाही.

## ३. गाडी आणि गाडीतली माणसं

पेट्रोल-डिझेल खालीच, शहादा, सावदा, रावेर किंवा चाळीसगावात भरून घ्या. ब्रेक, स्टेपनी आणि हवा पाहा. समोरची काच आतून पुसा, बाहेरून पुसणं पुरत नाही. परतीला दक्षिणेकडे उतरताना दुपारचं तिरपं ऊन थेट काचेवर येतं आणि आतला तेलकट थर चमकून रस्ता दिसेनासा होतो.

गाडीत चारच माणसं. पाचवा मध्ये बसतो, त्याला काही दिसत नाही आणि तो बोलत राहतो.

कामं वाटून घ्या. चालवणाऱ्याने फक्त रस्ता पाहायचा. पुढच्या सीटवरच्याने रस्त्याची कड आणि समोरचं वळण, मागच्या दोघांनी आपापल्या बाजूचा उतार: एकाने जमीन ते कंबरेची उंची, दुसऱ्याने झाडांचे शेंडे आणि वाळलेल्या फांद्या. काही दिसलं तर ओरडायचं नाही, बोट काचेबाहेर काढायचं नाही. "डावीकडे, दहा वाजता, सलईवर" एवढं हळू आवाजात सांगायचं. दिशा घड्याळाच्या आकड्याने सांगायचं घरून निघतानाच ठरवून घ्या, नाहीतर "तिकडे, अरे तिकडे" यात पक्षी उडून जातो.

हीटर लावायचा नाही. बाहेरच्या हवेत गार झालेलं भिंग उबदार गाडीत आणलं की त्यावर वाफ धरते आणि पहिली दहा मिनिटं फुकट जातात. दुर्बीण पहाटेपासूनच बाहेरच्या हवेला सरावलेली हवी.

## ४. पहाटेचा सपाटीवरचा रस्ता

इथे प्राण्यांपेक्षा अपघात जास्त भेटतात. गाळपाचे दिवस असतात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर न लावता चालतात. रावेर-यावलच्या बाजूला थंडी वाढली की केळीच्या बागांत धूर करतात, तो धुक्यात मिसळून रस्त्यावर लोळतो. डिपर खाली ठेवा, वेग चाळिशीच्या आत.

पण डोळे बंद ठेवू नका. गहू-हरभऱ्याच्या कडांना पहाटे नीलगायी आणि रानडुकरं असतात. तरस आणि कोल्हा याच वेळी गावाच्या उकिरड्याकडून परत डोंगराकडे निघालेले असतात. उसाच्या फडात बिबट्या असू शकतो, म्हणून लघुशंकेसाठी फडाच्या कडेला गाडी लावू नये.

> सावध: अंधारात रस्त्यावर प्राणी आला तर दिवे डिपरवर घ्या, थांबा, हॉर्न वाजवू नका. प्रखर उजेडात तो जागीच खिळतो. वाट मोकळी केली की आपण होऊन जातो. एक गेला की लगेच गाडी पुढे काढू नका, नीलगाय आणि डुक्कर क्वचितच एकटे असतात.

## ५. पायथ्याचा पहिला तास

सगळ्या फेरीत सगळ्यात मोलाचा हाच तास. शेवटचं शेत संपतं आणि सागवान सुरू होतं, त्या सीमेवर पहिला थांबा घ्या. गाडी रस्त्याच्या खाली पूर्ण उतरवा, इंजिन बंद, चारही काचा खाली आणि पंधरा मिनिटं गप्प. पहिली पाच मिनिटं काही होत नाही, आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच कंटाळून चावी फिरवतात.

आधी ऐका. सागाची पानं गळायला लागलेली असतात आणि ती पापडासारखी वाजतात. नवख्याला वाटतं, मोठा आवाज म्हणजे मोठं जनावर. बहुधा उलट असतं. पाचोळा उपसून कल्ला करणारे सातभाई पक्षी असतात. चौशिंगा दोन-तीन पावलं टाकून थांबतो, पुन्हा दोन-तीन पावलं, मध्ये शांतता. असा तुटक आवाज आला की त्या दिशेला दुर्बीण रोखून ठेवा आणि हलू नका. वानरांचा खाकरल्यासारखा इशारा, भेकराचं भुंकणं, मोराचा अवेळी ओरडा, टकाचोर आणि कोतवाल या पक्ष्यांचा एका झाडाभोवती चाललेला गोंगाट, यातलं एकच काही ऐकू आलं तर नोंद घ्या. दोन एकाच दिशेने आले तर गाडी तिथेच ठेवा.

मग धूळ वाचा. अभयारण्यात गाडीतून उतरायला मनाई असते, तेव्हा खिडकीतूनच. सार्वजनिक रस्त्यावर उतरता आलं तरी दाराच्या जवळच राहा. बिबट्याच्या पंज्यात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा आणि तरसाच्या उमटतात. तरसाचं पुढचं पाऊल मागच्यापेक्षा ठळकपणे मोठं असतं. ठसा किती जुना हे दवावरून कळतं. रात्री दव पडून धुळीवर बारीक खळग्यांची पातळ साय धरते. ती साय ठशाच्या आतही असेल तर जनावर रात्री लवकर गेलं. साय मोडून ठसा उमटला असेल, कडा धारदार असतील, तर ते पहाटेचं आहे आणि तुम्ही थोडक्यात चुकलात किंवा ते अजून जवळ आहे. चाकांनी ठसा पुसू नका, मागच्या वनरक्षकाला तो उपयोगी पडतो.

आणि बोरी पाहा. हिवाळ्यात पाणवठ्यावर दबा धरून बसणं ही उन्हाळ्याची सवय झाली. जानेवारीपर्यंत नाल्यानाल्यांत पाणी असतं, प्राण्यांना एका ठिकाणी यायचं कारण नसतं. खाणं मात्र ठरावीक ठिकाणी असतं, आणि या दिवसांत ते बोरीखाली असतं. अस्वल, कोल्हा, उदमांजर, सगळे बोरं खातात. बोरांच्या आठळ्यांनी भरलेली विष्ठा आणि ताजं फोडलेलं वारूळ जवळजवळ दिसलं तर अस्वलाचा वावर समजा आणि पायी एक पाऊलही टाकू नका. अस्वलाची नजर मंद, ते जवळ येईपर्यंत त्याला तुमचा पत्ता लागत नाही आणि लागला की ते अंगावर येतं. रस्त्यावर पिल्लांसह दिसलं तर काचा वर, गाडी सावकाश मागे.

## ६. घाट चढताना

वेग वीसच्या आत, दुसरा गिअर. प्रत्येक मोरीवर, प्रत्येक जाळरेषेपाशी (आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) आणि जिथे सुरक्षित जागा आहे त्या प्रत्येक बाहेरच्या वळणावर दोन मिनिटं. जानेवारी-फेब्रुवारीत वनविभाग जाळरेषा साफ करतो. त्या उघड्या पट्ट्यातून उतारावर दूरवर नजर जाते. बाकी सगळीकडे गवत उभं असतं आणि त्यात बसलेला चौशिंगा दहा पावलांवरूनही दिसत नाही.

आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा की नाही, यावर गाडीत वाद होतात. द्यायचा. एकदा, छोटा. समोरून एसटी येत असते आणि तोरणमाळच्या घाटातल्या सातपायरीच्या वळणांवर तिला पूर्ण रस्ता लागतो. पक्षी उडाला तर दुसरा दिसेल. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम परतीला लक्षात ठेवा.

> सावध: वानरांना शेव, बिस्किटं, केळी टाकू नका. रस्त्यावर बसायला शिकलेली वानरं गाडीखाली जातात, आणि अभयारण्यात वन्यप्राण्याला त्रास देणं किंवा कचरा टाकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. पाचोळा वाळलेला असतो. विडी-सिगारेट गाडीतही नको.

## ७. रानपिंगळा: आठ ते अकरा

तोरणमाळ आणि यावलच्या जंगलात दुरून येणारे बहुतेक जण यासाठीच येतात. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं हा पक्षी कुणाला सापडला नव्हता आणि १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला. त्यामुळे फोटोची हाव दांडगी आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

पहिली चूक वेळेची. घुबड म्हणून लोक संधिप्रकाशात शोधतात. रानपिंगळा दिवसा वावरतो. ऊन तापून सरडे-सापसुरळ्या बाहेर आल्या की तो शिकारीला बसतो, म्हणून सकाळी आठ ते अकरा.

दुसरी चूक ओळखण्यातली. गावाजवळचा साधा पिंगळा पाहून "मिळाला!" म्हणून मोकळे होतात. डोकं पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, राखाडी-तपकिरी. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे. पाय अंगाच्या मानाने थोराड. उंच, निष्पर्ण फांदीच्या टोकाशी उघड्यावर बसतो आणि शेपटी झटकन आडवी हलवतो. पुष्कळदा पक्ष्याआधी ती हालचालच नजरेत भरते. सागवानात मध्येच सलई किंवा धावड्याची वाळकी फांदी दिसली की तिच्यावर दुर्बीण फिरवायची, मग पुढची फांदी. असं विरळ झाडीत शोधा, दाट झाडीत नको.

तिसरी चूक सगळ्यात वाईट: मोबाईलवर त्याचा आवाज वाजवणं. ऑक्टोबर ते मे हा त्याच्या विणीचा काळ, म्हणजे आपली हिवाळी फेरी त्याच्या ऐन संसारात पडते. आवाज ऐकून नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला; तो शिकार सोडून तुमच्या गाडीभोवती फिरत राहतो, मादी आणि ढोली उघडी पडते. दिवसाला पाच गाड्यांनी हेच केलं तर त्या जोडीचं काय होत असेल याचा विचार करा. स्थानिक वाटाड्या स्वतःहून वाजवायला लागला तर त्यालाही थांबवा आणि पैसे पूर्ण द्या, म्हणजे पुढच्या वेळी त्याला वाजवायची गरज वाटणार नाही.

> तपासा: पक्षी तुमच्याकडे टक लावून पाहतोय, अंग ताठ करून बारीक झालाय, किंवा मान खालीवर करतोय? तुम्ही जास्त जवळ आहात. इंजिन चालू न करता थांबा. तो सैल झाला नाही तर गाडी हळूच पुढे काढा.

## ८. दुपार

अकरा ते दोन प्राणी फारसे दिसत नाहीत. जेवून घ्या. मात्र दहाच्या पुढे कड्यांवरून गरम हवा वर चढते आणि सर्पगरुड, मधुबाज घिरट्या घालायला लागतात. दरीच्या काठावर मान वर करून बसलं तर बरंच हाती लागतं. खडकांच्या आसपास शेपटी थरथरवणारा थिरथिरा आणि झुडपाच्या टोकावरचा गप्पीदास हे हिवाळी पाहुणे. लहान पक्षी म्हणून त्यांना सोडू नका.

डोंगरात धुकं विरलंच नाही किंवा ढग भरून आले तर हट्ट करू नका. सरळ खाली येऊन हतनूर किंवा अनेर धरणाचं पाणी गाठा, स्थलांतरित बदकांना ढगाळ हवेचं वावडं नसतं.

## ९. उतार

सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. चारला उतरायला लागा म्हणजे पायथ्याची सीमा पुन्हा शेवटच्या उन्हात मिळते. गाडी न्यूट्रल करायची नाही, ज्या गिअरने चढलात त्यानेच उतरायचं; ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर खाली येईपर्यंत ते तापून सैल पडतात. पायथ्याला सकाळच्याच जागी वीस मिनिटं थांबा आणि अंधार पडायच्या आत जंगल सोडा. टॉर्च आणि सर्चलाइट मारत रात्री फिरणं ही शिकाऱ्यांची पद्धत आहे. गस्तीवरचे लोक तुम्हाला त्यातच धरतील आणि त्यांचं बरोबर असेल.

जखमी किंवा गाडीची धडक बसलेला प्राणी दिसला तर उचलायचा नाही, पाणी पाजायचं नाही, भोवती गर्दी करायची नाही. रेंज मिळेल तिथून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जवळच्या गावाचं नाव आणि रस्त्यावरच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा. नंतर गाडी दूर लावून, पार्किंगचे दिवे चालू ठेवून माणूस येईपर्यंत थांबा. माणसाला इजा असेल तर आधी १०८.